सासऱ्यांचे तीन प्रश्न आणि विजेवरचं गेट

प्रश्न: ऐरोलीतल्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. कोपऱ्यावरचं रो-हाऊस, घरात त्या, ७८ वर्षांचे सासरे आणि ६ वर्षांची मुलगी. पती बोटीवर असतात, वर्षातले सहा-सात महिने बाहेरच. रात्री साडेआठला त्या कामावरून येतात तेव्हा गाडी गल्लीत उभी करून एक तर स्वतः उतरायचं, नाही तर हॉर्न वाजवून सासऱ्यांना उठवायचं. गल्लीतून दोन दुचाक्या चोरीला गेल्यावर विजेवरचं गेट बसवायचं त्यांनी ठरवलं. दोन कोटेशनं आली आहेत. एकात १३ फुटी सरकतं गेट, १००० किलोची मोटर आणि मोबाइल ॲप. दुसऱ्यात आत उघडणारी साडेसहा फुटांची दोन झडपं आणि प्रत्येक झडपेला एक मोटर. सासरे मात्र अडून बसलेत: "वीज गेली तर? पाणी भरलं तर? पोर मध्ये आली तर?" मापं त्यांनी दिली आहेत. दोन खांबांमध्ये १३ फूट, त्याच्या डावीकडे ११ फूट भिंत, गेटपासून घराच्या पायरीपर्यंत १८ फूट, गाडी चार मीटरच्या आतली. दोहोंतलं जास्त सुरक्षित कोणतं, आणि सासऱ्यांची समजूत कशी काढायची, असं त्या विचारतात.

उत्तर:

मापं पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण त्यांवरून पहिली गोष्ट अशी दिसते की दोहोंतलं एकही गेट तुमच्या जागेत बसत नाही.

झडपांचं आधी बघू. चार मीटरची गाडी म्हणजे साधारण १३ फूट. १८ फुटांतून ते वजा केले तर गाडीच्या मागे पाच फूटही उरत नाहीत, आणि झडप साडेसहा फुटांची. गाडी आत लावली की गेट बंद होणारच नाही, झडप बंपरला अडेल. बाहेर उघडणारी करू म्हणाल तर तेही नको. गेट आपल्या हद्दीतच उघडायला हवं, रस्त्यावर नाही. त्यात तुमच्याकडे रस्ता घरापेक्षा उंच असेल (काँक्रीटीकरणानंतर नवी मुंबईत बऱ्याच गल्ल्यांचं तसंच झालंय), तर बाहेर उघडताना झडप रस्त्याच्या चढाला घासू नये म्हणून ती जमिनीपासून नको तितकी वर ठेवावी लागते आणि खालून कुत्रं आत येतं. आता सरकतं गेट. १३ फुटांची वाट झाकायला पल्ला, म्हणजे गेटचा सरकणारा भाग, किमान १४ फुटांचा लागतो, कारण पूर्ण बंद असतानाही शेपटाकडचा फूटभर भाग मोटरच्या दातांवर राहावा लागतो. तो सरकून जाणार कुठे? भिंत ११ फूट. कोटेशन देणाऱ्याने टेप लावली होती का, हे त्याला जरूर विचारा.

यातून निघायची वाट जुन्या वाड्यांत आणि किल्ल्यांत आहे: दिंडी दरवाजा. मोठं दार रोज उघडायचं नाही, माणसांसाठी वेगळं छोटं दार. तुमच्या १३ फुटांत उजवीकडे ३ फुटांचं दार, मग ६ इंचांचा नवा खांब, आणि उरलेल्या साडेनऊ फुटांवर सरकतं गेट. पल्ला साडेदहा फुटांचा, तो ११ फुटांच्या भिंतीमागे जेमतेम मावतो. भिंतीलगतच्या कुंड्या मात्र हलवाव्या लागतील, आठ-नऊ इंचांची पट्टी पूर्ण मोकळी हवी. हे छोटं दार सरकत्या पल्ल्यातच कापून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. तिथे दार उघडं असताना मोटर चालू नये म्हणून वेगळा स्विच लागतो, त्याची वायर पल्ल्याबरोबर हलत राहते आणि सगळ्यात आधी तीच तुटते.

साडेनऊ फूट पुरतील का? आरशांसकट गाडी साडेसहा फुटांच्या आसपास, म्हणून सरळ जाताना भरपूर. पण गल्लीतून वळून शिरताना समोर गाड्या लागलेल्या असतील तर अंदाज चुकतो. खर्च करण्याआधी एका रात्री गेट सताड उघडून नव्या खांबाच्या जागी पाण्याचा भरलेला वीस लिटरचा कॅन ठेवा आणि गाडी आत-बाहेर करून बघा. कॅन पडला तर छोटं दार अडीच फुटांवर आणा. त्याहून अरुंद नको, उद्या व्हीलचेअर न्यायची वेळ आली तर.

आता सुरक्षिततेबद्दल. तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात. रात्री गाडीतून उतरावं लागू नये, ही एक. चोर आत येऊ नये, ही दुसरी. मोटर पहिलीचं काम चोख करते. दुसरीसाठी ती फारशी काही करत नाही, कारण मोटर म्हणजे ढकलणारा हात. चोराला अडवतो तो गेटचा सांगाडा, भिंतीची उंची आणि कुलूप. गेट सहा फुटी आणि शेजारची भिंत चार फुटी असेल तर चोर भिंतीवरूनच येणार. बाहेरच्या बाजूने आडव्या पट्ट्या असलेलं डिझाइन दिसायला छान असतं, पण ती शिडीच आहे. उभ्या पट्ट्या घ्या किंवा आडव्या असल्याच तर आतून.

सरकत्या गेटची मोटर बंद असताना आतला वर्म गिअर पल्ला धरून ठेवतो, हाताने ढकलून तो सरकत नाही. पण पल्ला पहारीने वर उचलला तर दाते सुटतात आणि मोटरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून वरच्या गाइड रोलरांजवळ पल्ला उचलता येऊ नये असा अँगल वेल्ड करून घ्या, आणि बंद होण्याच्या बाजूला खांबावर यू-आकाराची पकड, जिच्यात पल्ल्याची कड दोन इंच आत शिरते. रात्री आतून कुलूपही लावायला हरकत नाही. फक्त कुलूप असताना कुणी रिमोट दाबला तर मोटर झगडत राहते, तेव्हा कुलूप लावताना गेटचा एमसीबीही खाली करायची सवय ठेवा. दुचाकीसाठी जमिनीत काँक्रीटमध्ये पक्कं केलेलं लोखंडी कडं आणि जाड साखळी, हा गेटच्या मानाने अगदी किरकोळ खर्च आहे आणि तुमच्या खऱ्या भीतीवर तोच थेट उपाय आहे.

१००० किलोचा आकडा ऐकून भारावून जाऊ नका. तुमच्या गेटचं वजन कागदावर काढता येतं. लोखंडी पत्र्याचं वजन प्रत्येक मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे ७.८५ किलो. साडेदहा फूट बाय पाच फूट म्हणजे साधारण ४.९ चौरस मीटर. २ मिलिमीटर पत्रा लावला तर ७७ किलो. ५० बाय ५० ची ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी पाइप मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास, ती १५ मीटर लागेल, म्हणजे ६५ किलो. चाकं, दातेरी रॅक (पल्ल्यावरची पट्टी, जिला धरून मोटर तो सरकवते), वेल्डिंग धरून १६० किलोच्या आत. ५०० ते ६०० किलो वर्गातली मोटर यासाठी भरपूर आहे. फार मोठी मोटर घेण्यात तोटाही आहे. ट्रॅकमध्ये खडा अडकला, चाकाचं बेअरिंग गेलं, तरी ती पल्ला रेटत राहते आणि बिघाड लपवते. गेट हाताने ओढून बघायची कसोटी म्हणूनच मोटर बसवायच्या आधी करा. भाजीवाल्याकडे असतो तसा हुकचा काटा पल्ल्याला अडकवून ओढा. १६० किलोचं नीट बनवलेलं गेट दहा-बारा किलोंच्या ओढीत हलायला हवं. जास्त ओढ लागत असेल तर दोष फॅब्रिकेशनचा आहे आणि तो मोटरने झाकायचा नाही.

आता सासऱ्यांकडे येऊ. त्यांचे तिन्ही प्रश्न हट्टाचे नाहीत. दोन्ही कोटेशनांमध्ये ज्यांची उत्तरं असायला हवी होती आणि नाहीत, नेमके तेच आहेत.

वीज गेली तर? दोन मार्ग आहेत. २४ व्होल्ट डीसी मोटर घेतली तर तिच्या आत किंवा शेजारी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसतात आणि वीज नसतानाही गेट काही वेळा उघडतं-मिटतं. या बॅटऱ्या आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन वर्षांत दमतात, हे मनात धरून चला. २३० व्होल्टची एसी मोटर घेतली तर घरच्या इन्व्हर्टरवर चालेल, पण तो साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते, तापते. तुमच्या घरी डीसी घ्यावी असं आमचं मत आहे. ती शेवटाकडे हळू होते, अडथळा लवकर ओळखते आणि बॅटरीचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.

बॅटरीही संपली तर मॅन्युअल रिलीज. प्रत्येक चांगल्या मोटरला किल्लीने उघडणारी एक कडी असते, ती फिरवली की दाते मोकळे होतात आणि गेट हाताने सरकतं. इथे दोन गफलती नेहमी होतात. पहिली, किल्ली मोटरच्या झाकणालाच लटकवलेली असते आणि पट्ट्यांमधून हात घालून ती बाहेरून मिळते. दुसरी, घरात ती कुठे आहे हे एकालाच माहीत असतं. कोटेशन अंतिम करायच्या आधी सासऱ्यांना शोरूममध्ये किंवा जिथे तशी मोटर बसली असेल तिथे न्या आणि ती कडी त्यांच्या हातांनी फिरवायला सांगा. काही कंपन्यांच्या कड्यांना बोटात बराच जोर लागतो. ७८ वर्षांच्या हाताला ती फिरत नसेल तर ती मोटर तुमच्या घरासाठी नाही, बाकी कितीही चांगली असो. आणि छोट्या दाराला विजेचं काहीच लावू नका. आतून दांडा ओढला की उघडेल असं साधं कुलूप. आग लागली, रात्री दवाखाना गाठायचा झाला, तर वाट तीच.

पाणी भरलं तर? या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. मोटरच्या माहितीपत्रकात आयपी ४४ किंवा आयपी ५४ असं लिहिलेलं असतं. दुसरा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण. पाण्यात बुडण्याला यातला एकही आकडा नाही. खाडीकाठच्या ऐरोलीत भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी ओसरायला वेळ लागतो. आजूबाजूला जुनं बिऱ्हाड असेल त्यांना विचारा, २६ जुलै २००५ ला आणि त्यानंतर पाणी कुठपर्यंत आलं होतं. त्या खुणेच्या वर निदान सहा इंच मोटरचा तळ हवा. नेहमीचा चार-सहा इंचांचा ओटा पुरत नसेल तर ओटा उंच करा आणि रॅक पल्ल्यावर त्याच हिशेबाने वर बसवा. रॅक अगदी तळालाच हवा असा काही नियम नाही. फॅब्रिकेटरला हे गेट बनवायच्या आधी सांगावं लागतं, कारण रॅक जिथे येणार तिथे पल्ल्याला आडवी पाइप लागते.

पाण्याइतकाच मुंग्या आणि पाली हा छळ आहे. वायरच्या पाइपातून त्या कंट्रोल बोर्डापर्यंत येतात, गरम जागा बघून राहतात आणि एक दिवस बोर्ड जळतो. पाइपाचं तोंड फोम किंवा सिलिकॉनने बंद केलंय का, ते झाकण उघडून स्वतः बघा.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. मेन बोर्डापासून गेटपर्यंत स्वतंत्र सर्किट, दीड चौरस मिलिमीटर तांब्याची तीन-कोर केबल, त्यावर एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), मोटरच्या धातूला अर्थिंग. भर पावसात ओल्या हाताने लोखंडी गेट धरणारी मुलगी घरात आहे, एवढं सांगितलं तरी इलेक्ट्रिशियनने वाद घालू नये. विजा कडाडल्या की बोर्ड जातात, म्हणून सर्ज प्रोटेक्टरही. २३० व्होल्टची केबल आणि सेन्सरच्या वायरी एका पाइपातून नेऊ नका.

गंज हा पाण्याचाच भाऊ. खाऱ्या हवेत नुसता रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट दोन पावसाळे काढतो, तिसऱ्यात वेल्डिंगच्या सांध्यांतून तांबूस ओघळ दिसायला लागतात. शक्य असेल तर पल्ला हॉट डिप गॅल्वनाइझ करून मग रंग द्या. त्यासाठी पाइपांना आधीच भोकं पाडावी लागतात. बंद पाइप वितळलेल्या जस्तात बुडवली तर आतली हवा आणि ओल फुगून ती फुटू शकते. तेवढं बजेट नसेल तर झिंकवाला प्रायमर, त्यावर इपॉक्सी. आणि खालच्या पाइपेला दर दीड-दोन फुटांवर पाणी निघून जाण्याचं भोक. हे भोक नसलेल्या गेटांच्या तळाशी पाणी साठतं आणि पाइप आतून कुजते. बाहेरून रंग चकचकीतच दिसत असतो.

पोर मध्ये आली तर? यासाठी तीन थर हवेत. पहिला फोटोसेलचा: दोन खांबांवर समोरासमोर, जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास. त्यातला किरण तुटला की बंद होत असलेलं गेट थांबून मागे जातं. एक जोडी बाहेरच्या बाजूला, दुसरी आत. दुसऱ्या जोडीचे पैसे वाचवू नका. दुसरा थर मोटरच्या ताकदीची मर्यादा. युरोपातल्या ईएन १२४५३ या मानकात पल्ला एखाद्या अडथळ्यावर दाबला गेला तर आघात ४०० न्यूटनपेक्षा जास्त नको आणि पाऊण सेकंदात तो १५० न्यूटनच्या खाली यावा असं आहे. १५० न्यूटन म्हणजे अंदाजे १५ किलोंचा भार. घरी एवढं मोजता येत नाही, पण जुने कपडे भरलेलं पुठ्ठ्याचं खोकं वाटेत ठेवा, फोटोसेलच्या किरणाखाली येईल असं. गेट खोक्याला लागून लगेच मागे फिरलं पाहिजे. खोकं चेपलं गेलं तर सेटिंग बदलून घ्या. तिसरा थर म्हणजे पट्ट्यांमधल्या फटी बुजवणं. सरकत्या गेटवर मूल लटकलं आणि पट्ट्यांमधून हात गेला तर खांबाजवळ तो कापला जाऊ शकतो. खांबाच्या बाजूला बारीक जाळी किंवा पत्रा हवाच. पूर्ण पत्र्याचं गेट केलंत तर हा धोका जातो.

फोटोसेलबद्दल आणखी एक. जोराच्या पावसात किंवा कोळ्याच्या जाळ्याने किरण अडतो आणि गेट बंदच होईना असं होतं. काच पुसा, बहुतेक वेळा तेवढंच असतं. पण ऐन जुलैत आलेला घाईतला मेकॅनिक दोन टर्मिनलांमध्ये जंपर (वायरचा तुकडा) टाकून फोटोसेल कायमचा बाद करतो आणि "झालं, चालू" म्हणून निघून जातो. गेट चालतं खरं, आंधळेपणाने. तो गेल्यावर गेट बंद होताना किरणासमोर झाडूची काठी धरून बघत जा.

याहून मोठा एक धोका आहे, तो सासऱ्यांच्या यादीत नाही. सरकतं गेट ट्रॅकच्या टोकाबाहेर गेलं, गाइडमधून सुटलं, तर ते आडवं पडतं. १६० किलो. मोटर जिथे थांबते ते लिमिट स्विचमुळे, पण लिमिट स्विच म्हणजे स्टॉपर नव्हे. दोन्ही टोकांना जमिनीत पक्के केलेले लोखंडी स्टॉपर वेगळे हवेत. मोटर मोकळी करून कुणी हाताने जोरात ढकललं तरी गेट थांबलं पाहिजे. वरचे गाइड रोलरही दोन जागी हवेत. हे कोटेशनात लिहून घ्या.

रिमोटचं थोडक्यात. 'रोलिंग कोड' (दर वेळी बदलणारा कोड) हाच शब्द वापरून विचारा. फिक्स्ड कोडचा रिमोट किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीवर सहज कॉपी होतो. हरवलेला रिमोट रिसीव्हरमधून पुसून टाकता येतो, तो कसा ते पहिल्याच दिवशी शिकून घ्या. ॲप चालेल, पण जास्तीचं म्हणून. वायफाय गेटपर्यंत पोचत नसेल तर त्यावर पैसे घालू नका. आणि गाडी आत घेतल्यावर लगेच उतरू नका. गेट मिटायला १५ ते २० सेकंद लागतात, तेवढा वेळ आरशात नजर ठेवा.

कामाचा क्रम चुकला की खर्च दुप्पट होतो. आधी सिव्हिल: ट्रॅकखाली फूटभर रुंद, फूटभर खोल काँक्रीटची पट्टी, आत दोन सळ्या, आणि त्याच वेळी वाटेखालून पलीकडच्या खांबापर्यंत एक रिकामा पाइप, फोटोसेलच्या वायरीसाठी. हा पाइप हमखास विसरला जातो आणि मग नुकतेच बसवलेले पेव्हर ब्लॉक उचकटावे लागतात. काँक्रीटला निदान आठवडाभर पाणी. मग गेट, मग हाताने ओढायची कसोटी, मग मोटर. रॅक आणि पिनियन (मोटरचं दातेरी चाक) यांच्यात एक-दीड मिलिमीटर मोकळीक हवी. पल्ल्याचं वजन मोटरवर आलं की तिचा शाफ्ट जातो. रॅकवर आणि ट्रॅकवर ग्रीस फासू नका, वाळू चिकटून तिची कानस होते. सगळं मे महिन्याच्या आत आटपा.

सोसायटी असेल तर नव्या खांबासाठी लेखी परवानगी आधी घ्या. कोटेशन नव्याने मागवा आणि गेट, मोटर, सिव्हिल, वायरिंग यांचे आकडे वेगळे मागा. पल्ल्याचं वजन किलोत, पाइपेची जाडी मिलिमीटरमध्ये, बोर्ड बिघडला तर किती दिवसांत मिळेल, पावसाळ्यात माणूस कोण येईल, हेही त्यात हवं. खोक्याची, काठीची आणि वीज बंद करून किल्लीची अशा तिन्ही कसोट्या होईपर्यंत दहा टक्के रक्कम हातात ठेवा.

समजूत काढण्याबद्दल विचारलंत. सासऱ्यांना कोटेशनच्या बैठकीला बसवा आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. रोज रात्री सुनेसाठी उठून गेट उघडणं हे त्यांना कदाचित ओझं वाटतही नसेल, हेही मनात असू द्या. रिलीजची एक किल्ली त्यांच्या खोलीत खिळ्यावर, दुसरी छोट्या दाराजवळ आतल्या बाजूला, बाहेरून हात पोचणार नाही अशी. महिन्यातून एकदा मेन बंद करून गेट हाताने सरकवायचं काम त्यांच्याकडे द्या. हातांना ते जड वाटायला लागलं की चाकं आणि ट्रॅक तपासायची वेळ झाली, हे त्यांना मोटरच्या आधी कळेल.